चायोआजीचे इंग्रजी

ला नोरिया गावातील मुलांना स्पॅनिश भाषा शिकवण्याची नितांत गरज आहे, असा ठराव शिक्षण मंडळाने एकमताने मंजूर केला. गाव टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीपासून हाकेच्या अंतरावर. गावात किराणा स्पॅनिशमध्ये मिळतो, भांडणे स्पॅनिशमध्ये होतात, चर्चमध्ये देवाची करुणा स्पॅनिशमध्ये भाकली जाते आणि दारात आलेले कुत्रेही स्पॅनिशमध्ये हाकलल्याशिवाय हलत नाही. तरीही सभेत कोणी हसले नाही, कारण ठराव इंग्रजीत होता.

ठरावामागचा विचार उदात्त होता. जग जवळ येत आहे, एका भाषेवर आता भागत नाही, दोन भाषा येणाऱ्या मुलाचा मेंदू तल्लख होतो आणि पुढे त्याला बरी नोकरी लागते, असे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रे दाखवून सिद्ध केले होते. म्हणून प्राथमिक शाळेतला पहिलीचा एक वर्ग द्विभाषिक करायचे ठरले. निम्म्या जागा घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना, निम्म्या घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना, म्हणजे मुले एकमेकांकडून शिकतील. कागदावर ही योजना इतकी सुंदर दिसत होती, की तिला तिथेच राहू द्यायला हवे होते.

ग्रिसेल्दा नावाच्या बाईचा म्हातारा सासरा तेवढा शाळेत चौकशीला गेला. याच शाळेत लहानपणी स्पॅनिश बोलला म्हणून त्याने लाकडी फळीचे फटके खाल्ले होते. आता धोरण बदलले असेल तर ते फटके परत देण्याची काही सोय आहे का, एवढेच त्याला विचारायचे होते. त्या काळातील नोंदी उपलब्ध नसल्याचे त्याला नम्रपणे सांगण्यात आले आणि जाताना एक पेन भेट देण्यात आले.

ग्रिसेल्दाच्या शेजारी नेरेइदा सालिनास राहत होती. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. नवरा उबाल्दो ट्रक घेऊन उत्तरेकडे जायचा तो रविवारी उगवायचा. मुलगी यारेत्सी सहा वर्षांची. आणि घरात नेरेइदाची आई, चायोआजी. यारेत्सीच्या जन्माच्या वेळी बाळंतपण करायला म्हणून ती नदीपलीकडच्या तामाउलिपासमधल्या आपल्या खेड्यातून आली होती, ती राहिलीच. तिची आणि इंग्रजीची अजून ओळख झाली नव्हती आणि दोघींपैकी कोणालाच तशी घाई नव्हती.

या घरात रोज सकाळी एक कार्यक्रम असे. आजी खुर्चीवर बसे, यारेत्सी तिच्या गुडघ्यांमध्ये पाठमोरी बसे आणि आजी तिच्या दोन वेण्या घालता घालता गावाकडची गोष्ट सांगे. गोष्ट एका कोंबडीची होती. तिचे नाव कर्नलीण. ती कोणाच्या बापाला भीत नसे आणि अंडी पाद्रीबुवांच्या टोपीत घालत असे.

"मग?" यारेत्सी विचारायची.

"मग काय बाई, रविवार आला. लोक जमले. पाद्रीबुवांनी टोपी उचलली."

"मग?"

"मग दुसरी वेणी. मान सरळ ठेव. पुढचं उद्या."

गोष्ट कधी संपत नसे, कारण वेण्या रोज घालायच्या असत. नेरेइदा चहाचा कप घेऊन दारात उभी राहून हे ऐकायची. तिच्या बहिणींची मुले नाताळाला येत, आजीला मिठी मारत आणि मग मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसत, कारण पुढे बोलायला त्यांच्याजवळ भाषाच नव्हती. आपल्या लेकीचे आणि आपल्या आईचे बोलणे असे तुटू नये, एवढीच नेरेइदाची इच्छा होती. शाळाच आता स्पॅनिश लिहायला-वाचायला शिकवणार म्हटल्यावर तिला देव पावल्यासारखे झाले आणि ती लेकीला घेऊन पहिल्याच दिवशी शाळेत हजर झाली.

काउंटरमागे योजनेच्या समन्वयक लिंडहोमबाई बसल्या होत्या. त्यांच्या छातीवर 'दोन भाषा, एक हृदय' असा बिल्ला होता. तो इंग्रजीत होता.

"घरी मुलीशी कोणती भाषा बोलता?" त्यांनी विचारले.

"माझी आई स्पॅनिश बोलते. मी दोन्ही बोलते."

एखाद्याला गंभीर आजार निघाल्यावर डॉक्टर करतात तसा चेहरा लिंडहोमबाईंनी केला. "अरेरे. मग हिला आधी इंग्रजीची मदत लागेल."

"तिला इंग्रजी चांगलं येतं. यारेत्सी, बोल बरं मॅडमशी."

यारेत्सी इंग्रजीत बोलली. आपला पुढचा दात हलतोय, कालच आपण तो जिभेने आडवा करून दाखवला, आणि मॅडमचा बिल्ला तिरका लागलाय, हे तिने एका दमात सांगितले.

"गोड आहे हो," बिल्ला सरळ करत लिंडहोमबाई म्हणाल्या. "पण स्पॅनिश घरातल्या मुलाला इंग्रजी येतं असं आम्हाला परस्पर मानता येत नाही. आणि त्याला स्पॅनिश येतं असंही परस्पर मानता येत नाही. दोन्हींची चाचणी होईल. यंत्र घेतं."

यारेत्सीला एका खोलीत बसवून तिच्या कानांवर हेडफोन चढवण्यात आले. हेडफोनमधल्या बाईने तिला आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये विचारले, की तुझं नाव काय, तू कुठे राहतेस, घरी कोण कोण असतं. ज्याचा चेहरा दिसत नाही अशा परक्या माणसाला नाव-पत्ता सांगायचा नाही, हे चायोआजीने नातीला अगदी घोटवून शिकवले होते. यारेत्सीने ओठ घट्ट मिटून घेतले. चाचणी संपली तेव्हा यंत्राने निकाल दिला: इंग्रजी शून्य, स्पॅनिश शून्य.

"म्हणजे मुलगी भाषाहीन आहे," लिंडहोमबाई हळुवारपणे म्हणाल्या.

"मॅडम, ती आत्ता तुमच्याशी बोलली ना?"

"ते मी ऐकलं. यंत्राने नाही ऐकलं." त्यांनी नेरेइदाच्या हातावर हात ठेवला. "काळजी करू नका. तिला इंग्रजी साहाय्य वर्गात घालू."

"तो केव्हा असतो?"

"स्पॅनिशच्या तासाला."

"म्हणजे घरी स्पॅनिश बोलतो म्हणून तिला स्पॅनिशच्या वर्गात बसता येणार नाही?"

"इतकं नकारात्मक बोलू नका. इंग्रजी पक्कं झालं की जरूर बसता येईल. बरीच मुलं पाचवीपर्यंत साहाय्य वर्गातून बाहेर पडतात."

"आणि स्पॅनिशचा वर्ग कितवीपर्यंत आहे?"

"पाचवीपर्यंत," लिंडहोमबाई प्रसन्नपणे म्हणाल्या.

संध्याकाळी कुंपणापलीकडून ग्रिसेल्दाने हे सगळे ऐकले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"खरं सांगितलंस? अगं, तू दवाखान्यात काम करतेस ना? दात दुखतोय म्हटलं की ते दात काढणारच! आम्ही सगळ्यांनी सांगितलंय, घरी फक्त इंग्रजी."

"तुझ्या नवऱ्याला गुड मॉर्निंग म्हणता येत नाही, ग्रिसेल्दा."

"तो गप्प बसेल. नवरा गप्प बसला की कुठल्याही भाषेत चालतो."

दरम्यान यंत्राने गावातल्या आणखी बऱ्याच मुलांना भाषाहीन ठरवले होते. इतकी मुले भाषाहीन कशी, असा मंडळाला संशय आला. यंत्र महागाचे असल्यामुळे संशय पालकांवर घेण्यात आला. यंत्राचे निकाल बाजूला ठेवावेत, पालकांनी घरची भाषा नव्याने जाहीर करावी आणि समन्वयकांनी घरोघर अचानक जाऊन तिची शहानिशा करावी, असे ठरले. नेरेइदा पुन्हा काउंटरवर गेली आणि डोळे खाली घालून म्हणाली, "घरी इंग्रजी." लिंडहोमबाईंनी तिचे मनापासून अभिनंदन केले.

घरी येऊन आईला समजावणे जड गेले.

"म्हणजे माझ्याच लेकीच्या घरात मी मुकी?" चायोआजीने लाटणे खाली ठेवले.

"आई, ती बाई येऊन जाईपर्यंतच गं."

"कधी येणार ती?"

"न सांगता येणार. एकदा येईल, नाहीतर चारदा येईल. काही सांगता येत नाही."

"म्हणजे रोजच मुकी."

"यारेत्सीसाठी, आई. तिला तुझी भाषा नीट लिहिता-वाचता यावी म्हणून."

माझी भाषा शिकायची म्हणून मीच बोलायचे नाही, हा हिशेब काही चायोआजीच्या पचनी पडला नाही. पण नातीच्या शिक्षणात आपली आडकाठी नको, असे म्हणून तिने मान हलवली. नेरेइदाने तिला एक इंग्रजी शब्द शिकवला: ओके. कशाही प्रश्नाला तो चालतो. बसू का, पाणी देता का, तब्येत कशी आहे, सगळ्याला ओके. आजी तो शब्द औषधाच्या गोळीसारखा तोंडात धरून बसली. दुसऱ्या दिवसापासून वेण्या गुपचूप घातल्या जाऊ लागल्या. यारेत्सीने दोन-तीनदा "मग?" विचारून पाहिले. आजीने तिची मान सरळ केली आणि ओठांवर बोट ठेवले. पाद्रीबुवा टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

लिंडहोमबाई आल्या तेव्हा टीव्हीवर इंग्रजी हवामान चालू होते. ग्वादालुपेच्या मेरीमाउलीची तसबीर तेवढी भिंतीवर होती, पण तिला कोणी काही विचारणार नव्हते.

"कशा आहात?" लिंडहोमबाईंनी आजीला विचारले.

"ओके."

"आमची योजना कशी वाटते?"

चायोआजीने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

"ओके," आजी म्हणाली.

"थोडक्यात बोलतात, पण उच्चार स्पष्ट आहे," असा शेरा मारून लिंडहोमबाईंनी ते घर इंग्रजी ठरवले. गावातली बाकीची घरेही अशीच इंग्रजी ठरत गेली. उन्हाळा संपता संपता शाळेपुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. ला नोरियात घरी स्पॅनिश बोलणारे एकही कुटुंब उरले नव्हते. इंग्रजीच्या जागांना रांग लागली होती आणि स्पॅनिशच्या जागा ओस पडल्या होत्या.

गोल्फच्या मैदानाशेजारी नवी वसाहत झाली होती. तिथल्या ब्रेना हॉलोवे नावाच्या बाईंना आपल्या हडसनसाठी इंग्रजीची जागा मिळाली नव्हती. त्या मुळीच खचल्या नाहीत. काउंटरवर जाऊन त्यांनी शांतपणे सांगितले, की आमच्या घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या मागोमाग वसाहतीतल्या इतर आयांनीही तेच सांगितले. या मुलांना आधी इंग्रजीची मदत लागेल, असे मात्र काउंटरमागे कोणाच्या मनातही आले नाही. आता प्रश्न उरला शहानिशेचा. घरात स्पॅनिश ऐकू तर यायला हवे. ग्रिसेल्दा त्या घरी साफसफाईला जायची. तिने तिथल्या तिथे चायोआजीचे नाव सुचवले आणि ती धावत तिच्याकडे आली.

"काम काय आहे?" आजीने कुजबुजत विचारले. घरात तिला आता कुजबुजायची सवय लागली होती.

"बसायचं आणि बोलायचं. पोराशी. स्पॅनिशमध्ये. जितकं बोलाल तितकं त्यांना हवंय."

"कोणी गप्प बस म्हणणार नाही?"

"उलट गप्प बसलात तर तक्रार येईल."

चायोआजीने त्याच दिवशी केस विंचरले, कानात लोलक घातले आणि ती निघाली. लोकांच्या घरी जाऊन बोलायला लागावे, हे नेरेइदाला बरे वाटले नाही. पण आई संध्याकाळी परतली तेव्हा कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती, म्हणून तिने आईला अडवले नाही.

लिंडहोमबाई हॉलोवेंच्या घरी अचानक गेल्या, तेव्हा स्वयंपाकघरात चायोआजी हडसनला शेवया खाऊ घालत होती आणि कर्नलीण कोंबडी पाद्रीबुवांच्या टोपीत चढत होती. लिंडहोमबाई दारातच थबकल्या.

"आपण... सालिनासांच्या घरच्या ना?" लिंडहोमबाईंनी विचारले. "तिकडे तर आपण इंग्रजी बोलत होतात."

आता काय करावे हे आजीला कळेना. तिने हाती होते ते शस्त्र काढले. "ओके," ती म्हणाली, आणि हडसनकडे वळून स्पॅनिशमध्ये, "तू खा रे बाळा, या बाईला काही काम नाही," असे म्हणाली.

लिंडहोमबाईंचे डोळे भरून आले. ही बाई तिकडे इंग्रजी बोलते आणि इकडे स्पॅनिश. दोन्ही भाषा सहज, एकीतून दुसरीत न अडखळता. गोल्फच्या मैदानाशेजारी आणि रेल्वेरुळांपलीकडच्या सालिनासांकडे एकाच आजीची नातवंडे कशी, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण या लोकांची कुटुंबे मोठी असतात हे त्यांना प्रशिक्षणात शिकवले होते. त्यांनी तिथेच आजीचा फोटो काढला. महिन्याभरात तो शाळेच्या दारावर मोठा करून लागला. खाली इंग्रजीत लिहिले होते: आपल्या योजनेचे आदर्श व्यक्तिमत्त्व.

वर्ग सुरू झाला. स्पॅनिश शिकवायला दूरच्या राज्यातून थॉर्नबर्गबाई आल्या होत्या. स्वभावाने गरीब आणि नियमाला पक्क्या. गळ्यात लाल रुमाल बांधला की त्यांना इंग्रजी समजत नसे, असा नियम होता. रुमाल सोडला की समजे. पहिल्याच आठवड्यात हडसन बाकावर वळवळू लागला. त्याने इंग्रजीत परवानगी मागितली. थॉर्नबर्गबाईंनी रुमालाकडे बोट दाखवून गोड हसून मान हलवली. त्याने पुन्हा मागितली. त्या पुन्हा हसल्या. शेवटी यारेत्सीला राहवले नाही. ती उठून उभी राहिली आणि खणखणीत स्पॅनिशमध्ये म्हणाली, "बाई, त्याला शूला जायचंय, आणि तुम्ही अशाच हसत राहिलात तर जायची गरज उरायची नाही."

वाक्य इतके भरभर आले की थॉर्नबर्गबाईंना ते समजले नाही. त्यांनी रुमाल सोडला आणि इंग्रजीत विचारले, "काय म्हणालीस?" तोवर हडसनची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नेरेइदाला बोलावणे आले.

"तुमच्या मुलीने पातळी ओलांडली," लिंडहोमबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त दुःख होते. "इंग्रजी घरातल्या मुलांची पातळी सध्या रंग अशी आहे. त्यानंतर फळं. तिने थेट वाक्य वापरलं. तेही उपरोधिक."

"तिने त्या मुलाला मदत केली, मॅडम."

"त्याचं कौतुकच आहे. पण घर इंग्रजी असताना हे आलं कुठून? घराची नोंद चुकली असेल तर तसं सांगा, आपण तिला लगेच साहाय्य वर्गात घालू. नसेल चुकली, तर ती आपल्या पातळीवर राहील असं बघा. दोन्हींत मुलीचंच हित आहे."

नेरेइदा गाडी काढून थेट घरी आली. तिने लेकीला जवळ घेतले आणि मोडकेतोडके स्पॅनिश बोलायला शिकवले. पटकन उत्तर द्यायचे नाही. आधी वर बघायचे, मग बोटे मोजायची, मग अर्धा शब्द बोलून थांबायचे. बाईंनी तो पूर्ण केला की खूश व्हायचे. यारेत्सीला हा खेळ आवडला.

"आणि आजीशी बोलताना, मम्मी?"

नेरेइदाने विचार केला. आजीशी भरभर बोलत राहिली तर वर्गात जीभ घसरणार. आणि घसरली तर साहाय्य वर्ग, पाचवीपर्यंत.

"आजीशीपण असंच," ती म्हणाली. "सवय लागायला हवी ना." बोलताना तिचे तिलाच कसेसे झाले. हे वर्षभराचेच आहे, मग सगळे सुरळीत होईल, अशी तिने मनाची समजूत घातली.

यारेत्सी शहाणी मुलगी होती. सांगितलेले सगळे ती मन लावून करी. नाताळापर्यंत तिचे अडखळणे इतके सफाईदार झाले, की थॉर्नबर्गबाईंनी 'समाधानकारक प्रगती' असा शेरा दिला. वसंतात ती फळांवर आली. आजी दुपारभर हॉलोवेंकडे बोलून येई आणि घरी पाऊल टाकताच मुकी होई. सकाळी वेण्या घालताना दोघी समोरच्या भिंतीकडे पाहत. मग कधीतरी यारेत्सी स्वतःच केसांना रबर लावून शाळेत जाऊ लागली. तेवढाच आजीचा वेळ वाचतो, असे नेरेइदा म्हणाली.

मे महिन्यात वर्षअखेरीचा सोहळा झाला. शिक्षण मंडळ पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम स्पॅनिशमध्ये आणि गाव नोंदीप्रमाणे इंग्रजी, म्हणून ला नोरियाच्या सगळ्या पालकांना भाषांतराचे हेडफोन देण्यात आले. यारेत्सीच्या गटाने रंग आणि फळे म्हटली. लाल, निळा, हिरवा, सफरचंद, केळे. टाळ्या झाल्या. मग स्पॅनिश घरांतील मुलांच्या वतीने हडसन हॉलोवे मंचावर आला. कमरेवर हात ठेवून, सुस्कारा सोडून, चायोआजीच्या खेड्यातल्या बायकांच्या हेलात तो म्हणाला, "आता काय सांगू बायांनो, एक होती कोंबडी. तिचं नाव कर्नलीण."

पोराने गोष्ट फर्मास सांगितली. कुठे थांबायचे, कुठे डोळे मोठे करायचे, सगळे आजीचे. गावातल्या लोकांना हसू आवरेना, पण ते भाषांतर येईपर्यंत दम धरून बसत आणि हेडफोनमध्ये इंग्रजी वाक्य आले की मगच एकदम हसत. ग्रिसेल्दाचा सासरा तेवढा आधी हसला. सुनेने त्याला कोपराने ढोसले.

यारेत्सीने आईची बाही ओढली. "मम्मी," ती इंग्रजीत कुजबुजली, "ती कोंबडी आपली आहे."

"हो, बाळा."

"मग त्याला टोपीपुढचं कसं माहीत? मला तर माहीत नाही."

यारेत्सीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले, आणि आपल्या आजीच्या गोष्टीचा शेवट तिने परक्या बाईच्या आवाजात, इंग्रजीतून ऐकला. चेहरा न दिसणाऱ्या बाईचे ती पहिल्यांदाच इतके लक्ष देऊन ऐकत होती.

शेवटी आदर्श व्यक्तिमत्त्वाचा सत्कार झाला. चायोआजीला फुले देण्यात आली. हडसन धावत जाऊन "आजी, आजी" करत तिला बिलगला आणि सभागृह हेलावले. लिंडहोमबाईंनी माइक पुढे केला. इंग्रजीत दोन शब्द बोला, अशी विनंती केली. आजीने माणसांच्या रांगांमधून नातीला शोधले. ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली होती.

"ओके," चायोआजी म्हणाली.

सगळे सभागृह उभे राहिले. इतक्या थोडक्यात इतके कोणी बोलले नव्हते, असे मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नेरेइदाने सकाळीच टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "आई, झालं वर्ष. आता कोणी येत नाही. बोल तू. पोटभर बोल."

चायोआजीने कंगवा घेतला. यारेत्सी येऊन तिच्या गुडघ्यांमध्ये बसली. आजीने रबर काढले, केस मोकळे केले, आणि वर्षभराचा साठा एकदम फुटावा तशी ती बोलू लागली. "किती वाढले गं केस! आणि काल रागावलीस ना माझ्यावर? त्या पोराला सांगितली ती काही खरी गोष्ट नव्हे. खरा शेवट तुझ्यासाठी ठेवलाय मी. पाद्रीबुवांनी टोपी घातली, पण आत अंडं नव्हतंच. काय होतं, ओळख पाहू?"

यारेत्सी ताठ बसली. तिने वर पाहिले. मग बोटे मोजली.

"लाल," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. मग थांबली. "सफरचंद."

नेरेइदा हसली. "अगं वेडे, आता अडखळायला नको. शाळा संपली. बोल नीट आजीशी."

"मी मुद्दाम नाही करत, मम्मी," यारेत्सी इंग्रजीत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आजी काय म्हणाली? सांग ना, काय म्हणाली ती?"

नेरेइदाला वाटले, आई आता रडेल, नाहीतर ओरडेल, निदान त्या शाळेला दोन शिव्या तरी देईल. आजीने नातीची मान हलकेच सरळ केली, केसांचे तीन भाग केले आणि वेणीचा पहिला पेड घातला.

"ओके," ती म्हणाली.

योजना यशस्वी झाली आहे. पुढील वर्षापासून ती इतरही भाषांसाठी आणि इतरही गावांत राबवावी, अशी मंडळाची शिफारस आहे. प्रवेश सुरू आहेत. काउंटरवर प्रश्न एकच विचारतात, आणि तो अवघड मुळीच नाही: घरी मुलाशी कोणती भाषा बोलता? आपणही सावकाश आठवून उत्तर द्यावे. फक्त आवाज जरा खाली असू द्या, आतल्या खोलीत आजी बसलेली आहे.